लेकीच्या बाळंतपणाला रॉटरडॅमला जाताना

आपल्या वाशीम, रिसोड, कारंज्याकडच्या पोरी शिकून आता कुठल्या कुठे नोकरीला गेल्या. तिकडून फोन येतो, "आई, मला दिवस गेलेत, तू ये." आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो. परवा बचत गटाच्या बैठकीत एकीला असाच फोन आल्याचं कळलं. मी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला जाऊन आले आहे, म्हणून हे सांगते.

आधी दिवसांचा हिशेब. शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. बाळ काही कॅलेंडर पाहून येत नाही. मी डॉक्टरांच्या तारखेच्या तीन आठवडे आधी गेले, त्यामुळे सव्वा महिना निवांत झाला. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. तुमची जबाबदारी घेतल्याचा फॉर्म लेक-जावयानं तिथल्या नगरपालिकेत सही करून पाठवायचा असतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने हवी. आरोग्य विमा किमान 30,000 युरोचा लागतो. शुगर, बीपी असेल तर जुनं दुखणं त्या विम्यात बसतं का, हे मुलाकडून वाचून घ्या. गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा.

आता आपला जीव जिथं अडकतो ते. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत. म्हणजे घरचं साजूक तूप नाही, खव्याचे पेढे नाहीत. ओला कढीपत्ताही नाही. मी तर तूप कढवून बरणीत भरलं होतं! लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा बरणी शेजारी दिली. डिंक, खारीक, हळद, मसाला नेला. लोणी तिथं उत्तम मिळतं. तिच्याच स्वयंपाकघरात कढवलं आणि लाडू वळले. विमान दुबईवरून असेल तर खसखस मुळीच घेऊ नका, तिथं तिला बंदी आहे.

विमानतळ स्किपोल. त्याच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, रॉटरडॅमला साधारण अर्धा तास. गाडीत, ट्रामध्ये चढताना कार्ड यंत्राला लावायचं आणि उतरतानाही लावायचं. उतरताना विसरलं तर जास्त पैसे कापतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा, गाड्या उजव्या बाजूनं चालतात. लालसर रंगाची पट्टी सायकलींची, तिच्यावर उभं राहून गप्पा मारू नका. अडचणीला नंबर 112. साध्या तापाला मात्र आधी घराजवळचा डॉक्टर, एकदम दवाखान्यात घेत नाहीत. नळाचं पाणी खुशाल प्या.

बाळंतपणानंतर तिथं आठवडाभर एक प्रशिक्षित बाई घरी येते. बाळाला अंघोळ, आईची तपासणी सगळं बघते. पहिल्या दिवशी मला राग आला, मग मी कशाला आले? पण तिनं टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळवलेली बडीशेप पसरली आणि पाहुण्यांना दिली. बाळ झालं की तिकडे हेच वाटतात. बडीशेप बाळंतिणीला चांगली, असं त्यांच्याकडेही मानतात म्हणे. मग आमचं जमलं.

लेक झोपली की तासभर बाहेर पडा. 14 मे 1940 ला जर्मन बॉम्बफेकीत गावाचा मधला भाग बेचिराख झाला, म्हणून सगळ्या इमारती नव्या दिसतात. इरास्मस पुलाजवळून बंदर दाखवणारी बोट सुटते. पुलापलीकडे एक जुनी इमारत आहे, जहाज कंपनीचं कार्यालय होतं. तिथूनच हजारो गरीब माणसं अमेरिकेला निघाली. आता तिथं हॉटेल आहे. भेंडी, मेथी, कोथिंबीर हवी तर वेस्ट-क्राउस्काडे या रस्त्यावर जा. नेदरलँड्समध्ये सूरीनामहून आलेले बरेच लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज 1873 नंतर बिहार-उत्तर प्रदेशातून सूरीनामच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. दुकानातल्या एका आजीनं मला हिंदीसारख्या बोलीत विचारलं, नातू की नात?