घरातली शुश्रूषा, लेखांक ६ : ब्यूरोची पारख

अंथरुणाला खिळलेल्या किंवा आधाराशिवाय चालू न शकणाऱ्या माणसासाठी घरी येणारी मावशी चांगली असणे आणि तिला पाठवणारा ब्यूरो चांगला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मावशी मायाळू असते, हाताला हलकी असते, कामाला चोख असते. पण तिच्यामागे काही यंत्रणा नसेल तर ती सणाला गावी गेली की सगळे घर अडून बसते. मावशीचा स्वभाव चार दिवसांत कळतो. ब्यूरो कसा आहे हे मात्र विचारून, कागद पाहून आणि पुढे महिनाभर लक्ष ठेवूनच कळते.

पिंपरी-चिंचवडमध्ये हा प्रश्न आता घरोघरी आला आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि निगडी-आकुर्डीच्या सेक्टरांत घरे उभी राहिली. 1970 च्या सुमारास विशीत भरती झालेला कामगार आज पंच्याहत्तरी ओलांडून गेला आहे. मुले बहुधा दुसऱ्या शहरात किंवा परदेशात. चाकणचे चित्र वेगळे. तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत तरुण जोडपे राहते, दोघेही पाळीवर जातात आणि गावाहून आणलेले आजारी वडील घरी एकटे असतात.

पारखण्याचे काम कुटुंबावर येते, कारण ते दुसरे कोणी करत नाही. इंग्लंडमध्ये घरी शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांची तपासणी केअर क्वालिटी कमिशन करते आणि प्रत्येकीला जाहीर श्रेणी देते. भारतात सोसायटीच्या फाटकावर रखवालदार पुरवणाऱ्या संस्थेला 2005 च्या कायद्यानुसार परवाना लागतो; आजाऱ्याच्या उशाशी माणूस बसवणाऱ्या ब्यूरोसाठी असा देशभर लागू असलेला स्वतंत्र परवाना नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आले होते. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा त्यात होता, पण ते मंजूर झाले नाही. ही उणीव गंभीर आहे. ब्यूरोच्या भिंतीवर लावलेले शॉप अ‍ॅक्टचे प्रमाणपत्र शुश्रूषेच्या दर्जाबद्दल काहीही सांगत नाही.

वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा मोजावा, याची मांडणी अवेडिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये केली. रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी सेवा पाहावी, असे त्यांचे म्हणणे. चाकणच्या पट्ट्यात ज्याने व्हेंडर ऑडिट केले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. सुटा भाग हातात घेऊन पाहणे पुरेसे नसते. तो बनवणाऱ्याकडे माणसे कोण आहेत, काम कोणत्या पद्धतीने होते आणि चूक पकडली जाते का, हे त्याच्या दारात जाऊन पाहावे लागते.

रचनेतला पहिला प्रश्न पैशाचा असतो: मावशीचा पगार कोण देतो? काही ब्यूरो एकदाच नोंदणीची रक्कम घेतात, माणूस गाठून देतात आणि बाजूला होतात. काही दर महिन्याला कुटुंबाकडून पैसे घेऊन त्यातले कमिशन कापून उरलेले मावशीला देतात. थोड्या संस्था मावशीला स्वतःची कर्मचारी मानतात, पगार देतात, रजा देतात. पहिल्या प्रकारात जबाबदारी जवळपास संपूर्णपणे घरावर पडते आणि ते आधी माहीत असेल तर त्यात गैर काही नाही. अडचण येते ती ब्यूरो पैसे तिसऱ्या प्रकारचे घेतो आणि जबाबदारी पहिल्या प्रकारची उचलतो तेव्हा. कुटुंबाने दिलेल्या रकमेतले मावशीच्या हाती किती पडतात, या प्रश्नाला सरळ उत्तर न देणारा ब्यूरो इतर प्रश्नांनाही सरळ उत्तर देईल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

दुसरा प्रश्न शिक्षणाचा. पांढरा एप्रन घालून आलेल्या प्रत्येकीला घरात ‘सिस्टर’ म्हणतात, पण नर्सिंगमधला एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, आणि दोघींचीही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ती दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, म्हणून प्रमाणपत्रावरची तारीखही पाहावी. आंघोळ, भरवणे, डायपर बदलणे, कूस वळवणे, धरून चालवणे ही मावशीची कामे. नाकातली नळी घालणे, कॅथेटर बदलणे, इंजेक्शन, खोल जखमेचे ड्रेसिंग ही नर्सची. ‘आमची मावशी सगळं करते’ हे वाक्य फोनवर भरवशाचे वाटते; प्रत्यक्षात तो धोक्याचा इशारा आहे.

तिसरा प्रश्न पोलिस पडताळणीचा, आणि ती म्हणजे आधार कार्डाची झेरॉक्स नव्हे. 15 ऑगस्ट 2018 पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलिस आयुक्तालय आहे आणि चाकणही त्याच्याच हद्दीत येते. चारित्र्य पडताळणीचा कागद कोणत्या तारखेचा, कोणाच्या नावाचा, हे पाहावे. बदली म्हणून येणाऱ्या बाईचाही कागद वेगळा मागावा लागतो.

प्रक्रियेची परीक्षा काम सुरू होण्याआधीच होते. चांगला ब्यूरो माणूस पाठवण्यापूर्वी स्वतः घरी येतो, किंवा निदान रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद वाचतो. आजाऱ्याचे वजन किती, संडासला उठता येते का, गिळताना ठसका लागतो का, रात्री किती वेळा उठवावे लागते, हे तो विचारतो. ऐंशी किलोच्या पक्षाघाताच्या रुग्णाला एकट्या बाईने उचलायचे असेल तर ते आधीच कळायला हवे. जो ब्यूरो फक्त ‘बारा तास की चोवीस तास?’ एवढेच विचारतो, त्याने आजारी माणूस पाहिलेलाच नसतो.

सर्वांत जास्त सांगून जाते ती दांडीची सकाळ. आठला पाळी बदलायची असते, रात्रीच्या मावशीला घरी जायचे असते आणि दिवसाच्या मावशीचा फोन लागत नाही. अशा वेळी ब्यूरोचा फोन कोण उचलतो, बदली किती तासांत येते आणि आलेल्या बाईला आजाऱ्याबद्दल काय सांगून पाठवले आहे, यातून ब्यूरोची खरी ताकद दिसते. चाकणला हा प्रश्न अंतराचाही आहे. तळेगाव चौकात आणि नाशिक महामार्गावर कंपन्यांच्या बसगाड्यांनी कोंडी झाली की भोसरीहून निघालेली बदली दुपारपर्यंत पोहोचत नाही. म्हणून करार करताना ‘बदली मिळेल’ यावर थांबू नये. चाकण, खेड, मोशी भागात ब्यूरोच्या किती बायका राहतात हे विचारावे. मागच्या महिन्यात किती दांड्या झाल्या आणि किती भरून निघाल्या, याची नोंद ज्याच्याकडे आहे तो ब्यूरो कामाचा.

कारखान्यात पाळी बदलताना नोंदवही पुढच्याच्या हाती जाते; घरातही तीच पद्धत लागते. औषध किती वाजता दिले, लघवी किती झाली, खाणे किती गेले, कूस कधी बदलली, हे वहीत त्या त्या वेळी लिहिलेले असावे. एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेली आठवड्याची पाने ओळखू येतात. ब्यूरोची पर्यवेक्षक ही वही वाचायला येते का, आणि न सांगता येते का, हेही पाहावे.

परिणाम आजाऱ्याच्या अंगावर वाचता येतात. माकडहाड, टाचा आणि नितंब रोज उजेडात पाहावेत. लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर फिकी पडली नाही तर ती बेडसोरची सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम किंवा कडक लागते का ते चाचपावे. स्वतःहून कूस न बदलता येणाऱ्याला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता असावी. नळीतून भरवताना आणि नंतर निदान अर्धा तास डोके वर असावे. जीभ कोरडी, वजन घटलेले, अंगावर कारण न सांगता आलेले वळ, किंवा बोलका माणूस मावशी खोलीत आली की गप्प होणे, यांतली कोणतीही गोष्ट ब्यूरोला त्याच दिवशी कळवायची असते. पडल्याची घटना लपवली गेली, तर ती पडण्यापेक्षा मोठी चूक धरावी.

दर्जाचे आणखी एक माप मावशीच्या स्वतःच्या हालात असते. चोवीस तासांच्या ड्युटीत तिला सलग झोप मिळत नसेल, आठवड्याची सुट्टी नसेल, जेवायला बसायला जागा नसेल, तर रात्री तीन वाजता कूस बदलली जाणार नाही. एवढ्या थकलेल्या माणसाकडून सावधपणाची अपेक्षा ठेवणे अन्याय्य आहे. ज्याच्यासाठी रात्रभर जागावे लागते अशा रुग्णाला बारा-बारा तासांच्या दोन पाळ्याच हव्यात, असे सांगून स्वस्त चोवीस तासांचे काम नाकारणारा ब्यूरो विश्वास ठेवण्याजोगा असतो.

तातडीच्या वेळी काय करायचे, हे मावशीला तोंडपाठ असावे: 108 ला फोन, मग घरच्यांना, मग ब्यूरोला. तक्रार मिटली नाही तर पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915, आणि ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा 14567. पावती नसेल तर रोख दिलेल्या पैशांवर तक्रार उभी करणे कठीण जाते, म्हणून दर महिन्याची ब्यूरोच्या नावाची पावती आणि करारपत्र नोंदवहीबरोबर एकाच जागी ठेवावे.