जुन्या अद्भुत चित्रपटांचे नवे अवतार

‘झपाटलेला’ पुन्हा नव्याने काढावा काय, हा प्रश्न संगमनेरात कोणालाही विचारून पाहावा. एस.टी. स्थानकावर विचारा, चहाच्या टपरीवर विचारा, विड्या वळणाऱ्या बायांच्या घोळक्यात विचारा. दोन मिनिटांत दोन तट पडतात. मजुरीच्या दराचा हिशेब सांगताना जी सभा निम्मी पेंगते, ती तात्या विंचूचे नाव निघताच खडबडून जागी होते, असा माझा अनुभव आहे. पुष्कळ विद्वान मंडळी याला पोरखेळ म्हणतील. मला तसे वाटत नाही. ज्या गोष्टीसाठी माणूस पदरचा वेळ खर्चून भांडतो, तिच्यात त्याचे काहीतरी गुंतलेले असते. ते काय, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे. मी चित्रपटशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझी शाळा म्हणजे वाचनालय आणि कामगारांच्या बैठकी. तेव्हा तेथे जे वाचले आणि ऐकले, त्याच्याच आधारे बोलतो.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. जुन्या चित्रपटाचा ‘नवा अवतार’ म्हणताना लोक तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतात. तीच कथा नव्या नटांनिशी पुन्हा सांगणे ही एक. जुन्या कथेचा पुढचा भाग काढणे ही दुसरी. आणि जुनाच चित्रपट घेऊन त्यात रंग भरणे, दृश्ये बदलणे, नवी करामत घुसडणे ही तिसरी. यांपैकी कशाचा राग आला आहे हे विचारले की निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

आता असे पाहा, की अद्भुत कथा पुन्हा पुन्हा पडद्यावर आणण्याची चाल आपल्याकडे चित्रपटाच्या जन्मापासूनची आहे. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि 1917 साली तोच विषय स्वतःच पुन्हा चित्रित केला. आज जी रिळे जपून ठेवलेली आहेत, ती या दुसऱ्या चित्रपटाची होत असे जाणकारांचे मत आहे. पुढे 1932 साली ‘प्रभात’ने तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलपटात आणली. बाबूराव पेंटरांनी 1920 साली ‘सैरंध्री’ हा मूकपट केला. 1933 साली ‘प्रभात’ने ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला, त्यासाठी फिल्म जर्मनीपर्यंत नेली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. अहिरावण-महिरावणाच्या पाताळातील कथेवरचा ‘चंद्रसेना’ शांतारामबापूंनी 1931 साली मुका काढला आणि चारच वर्षांनी बोलका. या सर्वांवर ‘जुने कशाला उकरता?’ म्हणून प्रेक्षक चिडल्याचे कोठे वाचावयास मिळत नाही.

का चिडला नाही? कारण उघड आहे. हरिश्चंद्र फाळक्यांचा नव्हता आणि सैरंध्री पेंटरांची नव्हती. कथा पुराणांची, म्हणजे सर्वांची. प्रेक्षक कथा ऐकायला येतच नव्हता. ती त्याला आजीने सांगितलेली होती. तो पाहायला येई ती करामत. लंका कशी पेटते, मारुती कसा उडतो, देव कसा प्रकटतो, हे या खेपेस कसे दाखवले आहे, ही त्याची उत्सुकता. संगमनेरच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. हे गाव अनंत फंदीचे. कांताबाई सातारकरांनी आपला मुक्काम याच गावी केला होता, 2021 साली त्या निवर्तल्या. एकच वग दहा फड उभा करतात आणि रसिक दहाही ठिकाणी जाऊन बसतो. ‘हा वग अमक्याने केला होता, आता कोणी करू नये’ असे तमाशाच्या कनातीत कोणी म्हणत नाही. फार तर म्हणतात, ‘त्या फडाचा सोंगाड्या बरा होता.’

मग तात्या विंचूच्या बाबतीतच रक्त का उसळते? याची कारणे मला दोन दिसतात.

पहिले असे की, तात्या विंचू कोणत्याही पुराणात नाही. तो 1993 साली महेश कोठारे यांच्या चित्रपटातच जन्मला. (बाहुलीत खुन्याचा जीव शिरण्याची कल्पना 1988 सालच्या ‘चाइल्ड्‌स प्ले’ या अमेरिकन चित्रपटात आधी येऊन गेली होती हे खरे, पण आमच्या लोकांनी त्या पाहुण्याला इतके आपलेसे केले, की मूळचा कोणता हे विचारण्यात अर्थ नाही.) ती बाहुली रामदास पाध्ये यांच्या हातची, तात्याची भूमिका दिलीप प्रभावळकरांची, आणि तिला घाबरून धावणारा लक्ष्मीकांत बेर्डे. येथे कथा आणि माणसे वेगळी काढता येत नाहीत. लक्ष्मीकांत 2004 साली गेले. म्हणून ‘पुन्हा काढा’ असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याला त्यात ‘लक्ष्याच्या जागी दुसरा बसवा’ असे ऐकू येते. 2013 साली ‘झपाटलेला 2’ त्रिमितीत आला, तेव्हा नायक म्हणून लक्ष्याचा मुलगा दाखवला होता. लोकांनी तो पाहिला. जागा घेतली असे त्यांना वाटले नाही. वारस आला असे वाटले. वरच्या तीन प्रकारांतला भेद प्रेक्षकाला शब्दांत सांगता येत नसेल, पण तो त्याला पक्का कळतो.

दुसरे कारण दूरदर्शन-संचाचे. फाळक्यांचा प्रेक्षक चित्रपट एकदा-दोनदा पाही आणि मग आठवणीवर जगे. आठवण लवचीक असते. नव्याला जागा करून देते. आजचा माणूस ‘धडाकेबाज’मधला बाटलीतला गंगाराम पन्नास वेळा पाहतो. प्रत्येक हावभाव त्याला पाठ. पाठ झालेल्या गोष्टीत एक शब्द बदलला तरी कानाला खुपतो.

या बाबतीत इतर देशांतील लोक आपल्याहून निराळे नाहीत. 1933 सालचा ‘किंग काँग’ घ्या. तो अजस्र वानर म्हणजे सुमारे दीड फुटाची बाहुली. विलिस ओब्रायन हा कारागीर ती केसभर हलवी, एक चित्र घेई, पुन्हा हलवी. नीट पाहिले तर तिची लव आपोआप थरथरताना दिसते. ते त्याच्या बोटांचे ठसे होत. 1976 आणि 2005 साली तो चित्रपट नव्याने निघाला, शेवटच्या खेपेस वानर संगणकावर घडला आणि दिसायला कितीतरी खरा झाला. तरीही जुन्याचे चाहते जुन्यालाच धरून आहेत, पण नव्याविरुद्ध त्यांचे रक्त उसळत नाही. कारण जुना कोणी हिरावून घेतलेला नाही.

हिरावून घेतला की काय होते, ते जॉर्ज ल्यूकस यांच्या ‘स्टार वॉर्स’ने दाखवले. 1977 सालच्या त्या चित्रपटात त्यांनी 1997 साली नवी दृश्ये घातली, काही फिरवली, आणि त्यानंतर मूळ स्वरूपातला चित्रपट चित्रपटगृहांतून जवळजवळ दिसेनासा झाला. चाहते खवळले. गंमत अशी, की याच ल्यूकस यांनी 1988 साली अमेरिकेच्या काँग्रेसपुढे जाऊन, मालकांनी जुने चित्रपट मनास येईल तसे बदलू नयेत, अशी साक्ष दिली होती. मालक झाल्यावर माणसाची भाषा बदलते, हे आम्हा कामगार चळवळीतल्यांना नवीन नाही!

आमच्या एका विडी कामगार बाईने या सर्व वादावर दिलेले उत्तर मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. ती म्हणाली, ‘नवा काढा नाहीतर नका काढू, पण भाऊ, जुना आधी नीट दाखवा की. आमच्या टीव्हीवर निम्मा कापूनच लावतात.’ खरा प्रश्न येथे आहे. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यांतले अगदी थोडे, तेही बहुतेक तुकड्यांत, शिल्लक आहेत. जुनी नायट्रेट फिल्म भडकन पेटे, आणि तिच्यातील चांदी काढण्यासाठी ती भंगारातही जाई. 1964 साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळे गोळा केली, म्हणून फाळक्यांचे एवढे तरी आपल्याला दिसते. त्याच पुण्यात 2003 साली नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून मोठा ठेवा गेला. ‘संत तुकाराम’ (1936) मधले गरुडावरचे वैकुंठगमन आज पाहता येते, हे आपले भाग्य. 2012 साली तुकाराम पुन्हा पडद्यावर आले, जितेंद्र जोशी त्या भूमिकेत होते. ज्याला तुलना करावयाची त्याने विष्णुपंत पागनीस पाहावे आणि करावी. ‘चंद्रसेना’च्या मूकपटाबद्दल ही सोय कोणाला आहे?

आणखी एक गोष्ट माझ्या धंद्यातली म्हणून सांगतो. नवी करामत यंत्र करते असे लोक समजतात. ती माणसेच करतात, फक्त ती दिसत नाहीत. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ ज्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीत घडला, तिच्या शाखा मुंबई आणि हैदराबादेतही होत्या. फेब्रुवारी 2013 मध्ये त्या चित्रपटाला करामतीचे ऑस्कर मिळाले, पण त्याच्या काही दिवस आधीच कंपनीचे दिवाळे निघाले होते. समारंभाच्या बाहेर शेकडो कारागीर निषेधाला उभे होते.

आणि आता तर गेलेल्या नटालाही यंत्र उभे करते. पीटर कुशिंग 1994 साली वारले. 2016 सालच्या ‘रोग वन’मध्ये त्यांचा चेहरा पुन्हा बोलला. लक्ष्यालाही असे परत आणावे काय, यावर आमच्याकडे मते फुटलेली आहेत. तरुण पोरे म्हणतात, बघायला तर मिळेल. वयस्क म्हणतात, तो हसताना थांबायचा कोठे, हे यंत्राला कोण सांगणार? मी त्यांना आणखी एक विचारतो, त्या दिवसाची मजुरी कोणाच्या नावावर मांडायची? हॉलीवूडच्या नटांनी 2023 साली 118 दिवस संप केला, त्याच्या मागण्यांत हीच एक होती: नटाची प्रतिकृती वापरायची तर त्याची संमती घ्या आणि दाम द्या, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना विचारा. ते कलम त्यांनी करारात लिहून घेतले.