नरक्या वृक्षाचे रक्षण : अनेक झाडांचे बी का राखावे?

सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलांत नरक्या नावाचा एक लहान वृक्ष आढळतो. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या भागांतील रानांत हिंडणाऱ्यांस तो परिचित आहे. पावसाळ्यात त्यास पिवळसर पांढरा फुलोरा येतो व त्याचा दुर्गंध दूरवर पसरतो. फळ पिकले म्हणजे जांभळट काळे होते व त्यात एकच बी असते. इमारती लाकूड म्हणून या झाडास मोल नाही. असे असूनही गेल्या काही दशकांत ते अनेक ठिकाणी विरळ झाले आहे.

संकटाचे कारण

१९६६ साली अमेरिकेतील मन्रो वॉल आणि महाराष्ट्रातील नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षातून ‘कॅम्प्टोथेसिन’ नावाचे द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. हे द्रव्य कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते. १९७२ साली गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यातही सापडले. पुढे या द्रव्यापासून तयार केलेल्या दोन औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यांपैकी एक अंडाशयाच्या व दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देण्यात येऊ लागले.

औषधास मागणी आली, तशी कच्च्या मालासही आली. हे द्रव्य नरक्याच्या खोडात व मुळांत असल्यामुळे झाडे तोडण्यात आली व पुष्कळ ठिकाणी मुळासकट उपटण्यात आली. नुसते खोड कापले तर बुंध्यास पुन्हा धुमारे फुटू शकतात; परंतु मूळच खणून काढले, तर त्या जागी काहीच उरत नाही.

झाडाझाडांतील फरक

एकाच वाणाच्या ज्वारीच्या शेतातही सर्व ताटे अगदी सारखी नसतात. रानटी वृक्षांत हा फरक पुष्कळच अधिक असतो. एखादे झाड पाण्याचा ताण सोसते, एखादे किडीस दाद देत नाही, एखादे लवकर फळते. यांपैकी काही फरक जमीन व हवामान यांमुळे पडतात. परंतु कित्येक गुण मातृवृक्ष व पितृवृक्ष यांच्याकडून बियांत उतरतात. एका जातीतील अशा उपजत गुणांच्या विविधतेस आनुवंशिक विविधता म्हणतात.

नरक्यात हा भेद स्पष्ट दिसतो. निरनिराळ्या रानांतील झाडे तपासली असता त्यांतील औषधी द्रव्याचे प्रमाण सारखे आढळले नाही. काहींत ते नाममात्र, तर काहींत कितीतरी पट अधिक होते. म्हणजेच एखाद्या डोंगरावरील सर्व नरक्या नाहीसा झाला, तर केवळ काही झाडे कमी होत नाहीत. कदाचित त्या डोंगरापुरताच असलेला एखादा मोलाचा गुण कायमचा नष्ट होतो. दुसरीकडून आणलेली रोपे लावून तो परत मिळत नाही.

थोडी झाडे उरल्यास काय होते?

गावात वर्षानुवर्षे एकाच वळूची पैदास ठेवली, तर पुढील पिढ्या दुबळ्या होत जातात, हे पशुपालकांस ठाऊक आहे. वृक्षांचेही तसेच आहे. देवराईत किंवा रानाच्या तुकड्यात मोजकीच झाडे उरली, म्हणजे त्यांचा आपसांतच संकर होत राहतो. त्यामुळे बी पोचट निघणे, रोपे मरणे, वाढ खुंटणे असे दोष दिसू लागतात.

नरक्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याच्या काही झाडांवर केवळ नरफुले, काहींवर केवळ मादीफुले, तर काहींवर दोन्ही अवयव असलेली फुले येतात. त्यामुळे एकटे उरलेले झाड हिरवेगार दिसले, तरी त्यास फळ धरेलच असे नाही. ‘एक झाड राखले म्हणजे जात राखली’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

बी गोळा करण्याची रीत

वनक्षेत्रातून बी घेण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी. त्यानंतर पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. बी एकाच भरघोस झाडाचे न घेता शक्य तर तीस किंवा अधिक झाडांचे घ्यावे.

२. जवळजवळची झाडे बहुधा एकाच मातृवृक्षाची संतती असतात. म्हणून निवडलेल्या झाडांत ५० ते १०० मीटर अंतर असावे.

३. प्रत्येक झाडाचे साधारण सारखेच बी घ्यावे. पिकलेल्या फळांच्या पाचव्या हिश्शाहून अधिक घेऊ नये. उरलेली फळे पक्ष्यांसाठी व नैसर्गिक उगवणीसाठी राहू द्यावीत.

४. गर धुऊन बी सावलीत सुकवावे व ताजेच पेरावे. उगवण सावकाश होते, म्हणून वाफे लवकर मोडू नयेत.

५. प्रत्येक पिशवीवर गाव, रानाचे नाव व तारीख लिहावी. एका भागाची रोपे शक्यतो त्याच भागात लावावीत.

औषधी द्रव्य अधिक देणाऱ्या निवडक झाडांच्या कलमांची लागवड उत्पन्नासाठी जरूर करावी; त्यामुळे रानावरील भार हलका होईल. मात्र अशी सर्व कलमे गुणांनी एकसारखी असतात. एकास लागलेला रोग सर्वांस लागू शकतो. म्हणून लागवडीचे क्षेत्र हे संरक्षित रानास पर्याय मानू नये.

गावाचे कर्तव्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करण्याची व लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या नोंदवहीत नरक्याची झाडे कोठे व किती आहेत, त्यांपैकी कितींवर फळ धरते आणि खाली रोपे दिसतात काय, हे दरवर्षी लिहून ठेवावे. जुनी झाडे आहेत पण रोपे नाहीत, असे आढळल्यास तो धोक्याचा इशारा समजावा व वन विभागास कळवावे. मुळे खणून नेणारे लोक दिसल्यासही विलंब न लावता तसेच करावे.

शेतकरी बियाण्यासाठी निवडक कणसे राखतो, कारण पुढील हंगाम त्यावर अवलंबून असतो. रानाचे बियाणे रानातच असते. ते एका झाडात नसून अनेक झाडांत विखुरलेले असते, हे जाणून त्या सर्वांचे जतन केले पाहिजे.