बाजार वाडीत केव्हाच पोचला आहे

कर्जत-खालापूरबद्दल दोन समज पक्के बसले आहेत. एक, इथली भरभराट बाजाराने केली आणि राजकारणाने तिला खीळच घातली. दुसरा, वाड्यांवरचे कातकरी आदिवासी अजून भांडवलशाहीच्या बाहेर आहेत, विकास आला की आत येतील. दोन्ही चूक, आणि दुसरा अधिक घातक. जमिनीला भाव कशामुळे आला ते पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सरकारी महामंडळाने बांधला. 2013 साली शासनाने नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचे नियोजन करण्यासाठी ‘नैना’ क्षेत्र जाहीर केले, त्यात या तालुक्यांतली गावे घेतली. पनवेल-कर्जत लोकलचा मार्गही सार्वजनिक पैशांतलाच. ‘राजकारण नको, विकास हवा’ असे म्हणणाऱ्या फार्महाऊसवाल्याच्या प्लॉटची किंमत अशा राजकीय निर्णयांनीच वाढवली आहे.

आता वाडीकडे वळू. पावसाळ्यात घरातले धान्य संपत आले की कातकरी कुटुंब भट्टीमालकाकडून उचल घेते. दिवाळीनंतर अख्खे बिऱ्हाड वीटभट्टीवर जाते. नवराबायको विटा पाडतात, मजुरी हजारी विटांवर ठरते, आठवड्याला नुसती खर्ची हातात पडते आणि हिशेब पावसाच्या तोंडाशी होतो. उचल फिटली नाही, तर पुढचा हंगाम त्याच मालकाकडे. वेठबिगारीविरोधी कायदा 1976 चा आहे, तरी हा फास सुटलेला नाही. शहरे ज्यांच्या विटांवर उभी राहिली, ते बाजाराबाहेरचे कसे? ते बाजारातच आहेत, सगळ्यात पडत्या बाजूला.

विकासाने रोजगार दिला, जमीन विकून शेतकऱ्यांची पक्की घरे झाली, हा आक्षेप खराच आहे. पण सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्यासाठीच भाववाढ म्हणजे भांडवल. तो प्रकल्पाविरुद्ध उभा राहतो तेव्हाही बहुधा भांडण मोबदल्याचे असते. त्याला विकासविरोधी म्हणणे अन्याय आहे. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जागेवर आहेत. तिथे भाव चढला की कुंपण येते. आदिवासींच्या जमिनीला कायद्याचे संरक्षण आहे ना, असे कोणी विचारील. आहे, महसूल संहितेचे कलम 36अ त्यासाठीच आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याची कोणती जमीन ते वाचवणार?

म्हणून इथला प्रश्न भांडवलशाही हवी की नको असा नाहीच, ती कोणाच्या अटींवर चालते हा आहे. पुढच्या विकास आराखड्यावर सही होण्याआधी वाड्यांखालची जागा मोजून तिथे राहणाऱ्यांच्या नावावर करा. ही मागणी ग्रामसभेत आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे ठेवायला हवी.