बेवारस अस्थींची कैफियत

अनोळखी प्रेताची खबर ठाण्यावर आली, म्हणजे जी पहिली नोंद होते तिला आमच्या नागपुराकडे अजूनही ‘मर्ग’ म्हणतात. मुंबई-पुण्याचा वाचक जिला अकस्मात मृत्यूची नोंद म्हणेल तिच्यासाठी विदर्भातील पोलिसी दप्तराने हा फारसी शब्द जपून ठेवला आहे, आणि त्याचा अर्थ ‘मृत्यू’ एवढाच. कोणाचा, ते तो शब्द सांगत नाही. ते शोधायचे पंचनाम्याने. आणि कपडे, गोंदण, अंगठी हे सारे मुके साक्षीदार जिथे हात टेकतात, तिथे न्यायसहायक प्रयोगशाळेने.

या प्रयोगशाळेविषयी आपल्याकडे रूढ झालेली कल्पना मात्र मला काहीशी भाबडी वाटते. हाडाचा तुकडा यंत्रात घातला की दुसऱ्या बाजूने नाव छापून बाहेर येते, असा कित्येक सुशिक्षितांचाही समज आहे. वस्तुतः मांडीचे हाड किंवा एखादी दाढ घेऊन, हाताळणाऱ्यांचा अंश त्यात मिसळू नये म्हणून तिचा पृष्ठभाग खरवडून काढायचा, उरलेल्या भागाचे पिठासारखे चूर्ण करायचे, त्यातील कॅल्शियम रसायनात विरघळवून पेशींतला डीएनए मोकळा करायचा, असा सगळा खटाटोप केल्यावर हाती काय लागते, तर आकड्यांच्या काही जोड्या. प्रत्येक जोडीतला एक आकडा आईकडून आलेला, दुसरा बापाकडून. आई, बाप किंवा अपत्य समोर येऊन आपले रक्त देईपर्यंत ते आकडे मुकेच राहतात. अस्थी फार जळाल्या असतील तर तेवढेही मिळत नाही. १९८४ साली लेस्टरच्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएच्या ठशाचा शोध लागला आणि कार्डिफमध्ये १९८९ साली गालिच्यात गुंडाळलेल्या सापळ्याच्या रूपाने सापडलेल्या करेन प्राइसची ओळख त्याच विद्येने पक्की झाली; पण तिथेही पडताळ्याला तिचे आईबाप लागलेच.

गागोदे हे नाव पवनारच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा मंडळींना विनोबांचे जन्मस्थान म्हणून ठाऊक. त्याच पेण तालुक्यातील गागोदे खुर्दच्या शिवारात २३ मे २०१२ रोजी जळालेले मानवी अवशेष आढळले. स्थानिक पोलिसांनी काही हाडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे धाडली, बाकीचे तिथेच पुरले. खुनाचा गुन्हा दाखल झाला नाही, इतकेच नव्हे, तर अकस्मात मृत्यूची रीतसर नोंददेखील झाली नव्हती, असे पुढे प्रसिद्ध झाले. म्हणजे मर्गसुद्धा नाही! मुंबईतून नाहीशी झालेली शीना बोरा आणि पेणच्या मातीतली ही हाडे यांची गाठ तीन वर्षे कोणत्याही दप्तरात पडली नाही. ऑगस्ट २०१५मध्ये बेकायदा शस्त्राच्या प्रकरणात पकडलेल्या एका वाहनचालकाने जबानी दिली, तेव्हा ती जागा पुन्हा खणण्यात आली. कालिन्याच्या प्रयोगशाळेत त्या अवशेषांचा डीएनए इंद्राणी मुखर्जी यांच्या, म्हणजे शीनाची आई आणि तिच्या खुनाच्या खटल्यातील आरोपी अशा दुहेरी नात्याने उभ्या असलेल्या स्त्रीच्या, नमुन्याशी जुळला, आणि कवटीची प्रतिमा शीनाच्या छायाचित्रावर ठेवून पाहता तीही जुळली, असे तपासयंत्रणेचे म्हणणे आहे. आरोपी पक्षाला ही ओळखच मान्य नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, तेव्हा अपराधाविषयी अधिक बोलणे उचित नव्हे. २०१५मध्ये वापरलेली विद्या २०१२मध्येही कालिन्यात होतीच, एवढे मात्र नमूद केले पाहिजे.

छायाचित्रावर कवटी ठेवण्याची ही युक्ती तर त्याहूनही जुनी, आणि तिच्या पहिल्या गाजलेल्या प्रयोगाशी मुंबईचा संबंध आहे. मुंबईत जन्मलेला पारशी डॉक्टर बक रक्स्टन इंग्लंडातील लँकेस्टरला व्यवसाय करीत असे. सप्टेंबर १९३५मध्ये स्कॉटलंडातील मॉफटनजीकच्या घळीत दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे सापडले, त्यांतली एक त्याची पत्नी म्हणून राहणारी इझाबेला आणि दुसरी घरची दाई मेरी रॉजर्सन. ग्लेस्टर आणि ब्रॅश या प्राध्यापकांपुढे प्रश्न असा, की छायाचित्र नेमके किती मोठे केले म्हणजे ते कवटीच्या मापाला येईल? इझाबेलेच्या छायाचित्रात तिच्या मस्तकावर एक अलंकार होता. तो प्रत्यक्ष मिळवून त्याचे माप घेतले आणि त्या प्रमाणात चित्र वाढवले. डोळ्यांच्या खाचा डोळ्यांवर बसल्या. तरीही पोलिसांना लँकेस्टरची वाट दाखवली ती गुंडाळण्याला वापरलेल्या वृत्तपत्राने, कारण त्याची ती खास आवृत्ती त्याच परिसरात विकली गेली होती.

बेपत्ता माणसांची एक सूची आणि अनोळखी मृतांची दुसरी, अशा दोन डीएनए-सूच्या शेजारी शेजारी ठेवण्याची तजवीज असलेले विधेयक २०१९ साली लोकसभेत आले. २०२३ साली ते मागे घेण्यात आले. त्यावर संमतीविषयी आणि खाजगीपणाविषयी घेतलेले आक्षेप पोकळ नव्हते, हे मी मान्य करतो. पण एका ठाण्यात लेकीसाठी येरझारा घालणारा बाप आणि दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत पुरलेली हाडे यांच्यामधले अंतर त्यामुळे तसूभरही कमी झाले नाही.

पेणच्या त्या हाडांची गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. जून २०२४मध्ये, जे. जे. रुग्णालयाच्या तज्ज्ञ साक्षीदाराची साक्ष चालू असताना, २०१२ साली जप्त केलेल्या अस्थी सापडत नसल्याचे सरकार पक्षाने मुंबईच्या न्यायालयास कळविले. पुढच्याच महिन्यात त्यांचा पत्ता लागला: केंद्रीय अन्वेषण विभागाच्या दिल्लीतील मालखान्यात त्या होत्या.