पगार ठरवितांना

मुलास नोकरीचें पत्र आलें कीं आपल्या घरांत प्रथम देवापुढें साखर ठेवितात, आणि लागलीच "आतां नाहीं म्हणूं नकोस" असा वडीलधाऱ्यांचा उपदेश सुरू होतो. या उपदेशांत माया पुष्कळ असते; पण त्यामुळेंच मुलाचा भाव उतरतो, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं.

जगदीशचंद्र बोस विलायतेहून परतल्यावर १८८५ सालीं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले. गोऱ्या अध्यापकाच्या वेतनाच्या दोन-तृतीयांश वेतन हिंदी अध्यापकास द्यावयाचें, असा तेव्हां सरकारी शिरस्ता होता. त्यांत बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून आणखी निम्मी कपात. काम तेंच, दाम एक-तृतीयांश! बोस यांनीं नोकरी सोडली नाहीं. वेतन घेण्याचें मात्र साफ नाकारलें, आणि तीन वर्षें तास चोख घेतले. वडिलांचें कर्ज डोक्यावर, १८८७ त लग्न होऊन संसारहि नवा. अखेर सरकारनें त्यांस कायम करून आरंभापासूनचें पूर्ण वेतन दिलें. त्यांतून कर्ज फेडण्यास मोठा हातभार लागला.

हा केवळ बाणेदारपणाचा विजय नव्हे. असा अध्यापक कॉलेजास गमावणें परवडणारें नव्हतें, हें एक. आणि घरानें कळ सोसली, हें दुसरें. घरून रोज पैशाचा तगादा लागता, तर तीन महिनेहि निभाव लागणें कठीण होतें.

मीं स्वतः शिक्षकाची पहिली नोकरी पत्करतांना पगार विचारलाच नाहीं. विद्यादान करणाऱ्यानें मोल काय पुसावें, अशी समजूत! माझ्याबरोबर लागलेल्या सहकाऱ्यानें विचारलें. त्याचें मागील एक वर्ष धरून त्यास वरचा आंकडा मिळाला. पुढील प्रत्येक वाढ माझ्या खालच्या आंकड्यावरच बसत गेली.

हल्लीं पत्रांत 'सीटीसी' म्हणून भला मोठा आंकडा असतो. तो कंपनीचा एकूण खर्च होय; भविष्यनिर्वाह निधींतील मालकाचा हिस्सा, व पुष्कळदां ग्रॅच्युइटीहि, त्यांतच धरलेली असते. कायम नोकरास ग्रॅच्युइटी साधारणतः पांच वर्षें सलग नोकरी झाल्यावरच मिळते. तेव्हां वर्षास सहा लक्ष म्हणजे महिना पन्नास हजार हातीं, असा हिशेब करूं नये. हातीं किती येणार, हें स्पष्ट विचारावें. दुसऱ्या ठिकाणचें पत्र असेल तर सभ्यपणें सांगावें. नसलेलें मात्र सांगूं नये, चौकशी झाल्यास तोंड लपवावें लागतें. आणि ठरलेलें सर्व लेखी हातांत पडेपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊं नये.

परवां नातवास पत्र आलें. उत्तरास चार दिवसांची मुदत माग, आणि सहा महिने घरखर्चाची काळजी करूं नकोस, एवढेंच मीं त्यास सांगितलें. त्याच्या आजीनें साखर मात्र त्याच दिवशीं ठेविली.