मिंगांची भिंत, निजामशहाचा बाग

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनचे मिंग सम्राट बीजिंगच्या उत्तरेची भिंत बुरुजांनी भक्कम करत होते, तेव्हा अहमदनगरलगतच्या भिंगारजवळ निजामशाहीचा फराहबाग आकाराला येत होता. १५८३ मध्ये मंत्री सलाबतखानाने तो पुरा केला. तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल, आत घुमटाखाली उंच दालन. पाणी दुरून नळांनी खेळवलेले. तलाव आता कोरडा आहे. गिलावा उडालेल्या कमानींखाली भर उन्हाळ्यातही गारवा लागतो, आणि तो अनुभवायला गर्दी आड येत नाही, हे एका अर्थी बरेच! बीजिंगचा मिंगांचा राजवाडा मात्र १९२५ मध्ये संग्रहालय झाला आणि तिथे लोटणारी गर्दी आजही हटलेली नाही.

औरंगजेबाने १७०७ मध्ये अखेरचा श्वास घेतला तो भिंगारलाच. दफन मात्र खुलताबादला. इथे आहे ती त्याच्या नावाची आलमगीर दर्गा. फराहबागाजवळच १९९४ पासूनचे रणगाडा संग्रहालय आहे, मुलांची पावले आधी तिकडेच वळतात. पूर्वेच्या डोंगरावरचा ‘चांदबिबी महाल’ ही खरे तर सलाबतखानाची कबर. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही, पण रिक्षावाल्याला तेच नाव सांगा.